जुन्या पत्रकावरून एक कार्डिगन

बाईच्या हातात अर्धवट विणलेला स्वेटर दिसला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "कोणासाठी?" आणि दुसरा, "कशावरून बघून करता?" पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसरा प्रश्न विचारणाऱ्याने मात्र मनाशी एक गोष्ट धरलेली असते. कुठेतरी डिझाइन छापलेले आहे, त्यात सगळे सांगितलेले आहे, बाईने फक्त हात हलवायचे. साहेबांनी मसुदा द्यावा आणि टंकलेखकाने तो टंकावा, तसे.

गेले सात महिने मी एका जुन्या इंग्रजी पत्रकावरून लोकरीचे कार्डिगन विणत होते. मागच्या आठवड्यात ते पुरे झाले. या सात महिन्यांत हा दुसरा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले. माझे म्हणणे थोडक्यात असे, की जुन्या डिझाइनवरून विणणारी बाई ते डिझाइन वाचते, त्याचा हिशेब नव्याने मांडते आणि बऱ्याच वेळा ते अर्धेअधिक स्वतःच लिहिते. आपण याला 'फावल्या वेळातले काम' म्हणतो, आणि तसे म्हणून तिचे नाव आणि दाम दोन्ही बुडवतो.

आता तुम्ही म्हणाल, गोव्यात राहून लोकरीच्या गोष्टी कसल्या? आमच्या शेजारच्या काकींनी तर सरळच विचारले, "गोंयांत स्वेटर कोणाक गो जाय?" प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात पंख्याखाली बसूनही हाताला घाम येतो आणि लोकर सुईवरून सरकत नाही. पावसाळ्यात लोकर हवेतला ओलावा पिते. शुद्ध लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा शोषून घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही, त्यामुळे जुलैत वजन करून लोकर विकत घेऊ नये हे माझे स्वतःचे शास्त्र. शिवाय कसर आणि बुरशी या दोघींशी लढाई वेगळीच. पण गोमंतकीय माणसाचे निम्मे घर नेहमी गोव्याबाहेर असते. कोणी पुण्याला, कोणी लंडनला, आणि आमच्यासारख्यांचे बेळगावला. चोर्ला घाट चढून गेले की डिसेंबरात स्वेटर लागतोच. (आणि ज्यांच्या कार्यालयात ए.सी. १८ वर ठेवायची पद्धत आहे, त्यांना घाट चढण्याचीही गरज नाही.)

हे कार्डिगन माझ्या आत्यासाठी. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या अनेक घरांनी मुलांना शिकायला बेळगावला पाठवले, त्यातलीच ती एक. गेली आणि तिथलीच झाली. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. विणकाम ती शाळेत शिकली आणि मला तिने शिकवले. हे पत्रकही तिचेच. तिला ते कोणाकडून मिळाले हे तिलाही आठवत नाही. कॅम्पातल्या कोणा साहेबाच्या घरचे सामान विकले गेले तेव्हा मासिकांच्या गठ्ठ्यात आले असावे, असे ती म्हणते.

पत्रक म्हणजे मधोमध घडी घातलेला एक कागद, चार पाने. पहिल्या पानावर एक बाई फाटकाला टेकून उभी आहे. केस कपाळावर गुंडाळून बसवलेले, कार्डिगन कमरेपर्यंतच, खांदे उभारलेले, बाहीला वर चुण्या, समोर बारा लहान बटणे, आणि छातीपासून खाली उतरणारी जाळीदार पानांची वेल. आत बारीक टायपात सगळ्या सूचना. लोकर ७ औंस थ्री प्लाय, सुया १० आणि १२ नंबरच्या, माप ३४ इंच छाती. तेवढेच एक माप. ज्यांची छाती ३४ नाही त्यांचे काय, यावर पत्रक गप्प आहे.

त्यावर तारीख नाही. हे कधीचे असेल याचा अंदाज अशा वेळी आडवाटेने करावा लागतो. किंमत ४ पेनी छापली आहे आणि पेनीसाठी 'डी' हे जुने अक्षर आहे. ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान नाणी घेतली आणि 'डी' गेला, म्हणजे पत्रक त्याआधीचे हे नक्की. बाकी साक्ष कपड्याची. उभारलेले खांदे, चुण्यांची बाही आणि आखूड कंबर पाहता चाळीसचे दशक असावे. तेव्हा ब्रिटनमध्ये कपड्यांवर रेशन होते. १ जून १९४१ ला ते सुरू झाले आणि १९४९ मध्ये उठले. विणायच्या लोकरीलाही कुपन लागे, एका कुपनावर दोन औंस. आखूड कार्डिगनची फॅशन रेशनच्या आधीपासूनची आहे, रेशनने ती जन्माला घातली असे म्हणता येणार नाही. पण सात औंसांत लांब बाह्यांचे कार्डिगन बसवायचे तर लांबीत हात आखडावाच लागतो. जुनी डिझाइने बघून "काय नाजूक आवड होती!" म्हणणाऱ्यांनी या कुपनाची आठवण ठेवावी. त्या नाजूकपणात टंचाईचाही वाटा होता.

आणि नाव नाही. लोकर कंपनीचे नाव ठळक आहे, छापखान्याचेही आहे. वेल कोणी रचली, बाहीचा आकार कोणी काढला, हिशेब कोणी तपासला, यांपैकी कोणाचेही नाव नाही. त्या काळच्या बहुतेक पत्रकांची हीच तऱ्हा. आमच्या खात्यात साधी रजेची फाईल पाच सह्या घेऊन हलते. या कागदावर एकही सही नाही, आणि तो ऐंशी वर्षांनंतरही काम करतो आहे.

काम करतो आहे, याला एक मजेदार कारणही आहे. या पत्रकात सुयांचे जे नंबर आहेत ते जुन्या ब्रिटिश पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. १० नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटर, १२ नंबरची पावणेतीन. अमेरिकेची पद्धत बरोबर उलटी, तिथे नंबर वाढला की सुई जाड. खुद्द ब्रिटनमध्ये आता मिलिमीटर चालतात, त्यामुळे तिथल्या आजच्या मुलीला आपल्या आजीचे पत्रक वाचायला कोष्टक समोर ठेवावे लागते. आपल्या बाजारात मात्र अजूनही "दहा नंबरची सुई द्या" म्हटले की दुकानदार काही न विचारता काढून देतो, आणि ती तीच असते. साहेबाची भाषा साहेब विसरला, आपण जपली. हे चांगले की वाईट ते सोडा, माझी सोय झाली.

लोकरीची मात्र झाली नाही. आपल्याकडे लोकर म्हणून जे गुंडे मिळतात ते बहुतेक अ‍ॅक्रिलिकचे. धुवायला सोपे, स्वस्त, कसरही लागत नाही. माझे त्याच्याशी वैर नाही, लहान मुलांचे सगळे मी त्यातच विणते. पण जाळीच्या वेलीला ते चालत नाही. विणून झाल्यावर लोकरीचा तुकडा ओला करून, ताणून, टाचण्या लावून वाळवला की पाने उघडतात आणि तशीच राहतात. अ‍ॅक्रिलिक ओले करून ताणले तर वाळल्यावर पुन्हा मिटते, आणि त्याला कडक वाफ दिली तर मरगळून कायमचे लोंबते. म्हणून शुद्ध लोकर बाहेरून मागवली. थ्री प्लाय मिळाली नाही, फोर प्लाय मिळाली. खरा हिशेब इथून सुरू झाला.

पत्रकाच्या सुरुवातीलाच 'टेन्शन' लिहिलेले असते. आपल्या रोजच्या बोलण्यातले टेन्शन नव्हे. एका इंचात किती टाके आणि उंचीच्या एका इंचात किती ओळी बसतात, ते माप. पत्रकात १० नंबरच्या सुईवर इंचाला ८ टाके, १० ओळी. माझ्या फोर प्लायचा चौकोन विणून मोजला तर त्याच सुईवर ७ टाके, ९ ओळी. बऱ्याच बायका इथे हिरमुसतात आणि बारीक सुई घेऊन बळेच ८ टाके बसवतात. कापड पुठ्ठ्यासारखे होते. पण फरक तसाच राहू दिला तर काय होते ते बघा. पत्रकात पाठीचे १४० टाके आहेत. इंचाला ८ या हिशेबाने पाठ साडेसतरा इंच, म्हणजे पूर्ण घेर ३५. इंचाला ७ धरले तर तेच १४० टाके २० इंच होतात, घेर ४०. आत्याची छाती ३८, वर दोन इंच सैल. एकही टाका न वाढवता ३४ चे कार्डिगन ३८ च्या बाईचे झाले! वेल चौदा टाक्यांची आहे, ती १४० मध्ये बरोबर दहा वेळा बसते, तिलाही धक्का नाही.

इथे मला फार आनंद झाला होता. पण शरीर असे सरळ त्रैराशिकाने वाढत नाही. पत्रकात मुंढ्याची घट झाल्यावर पाठीवर १०४ टाके उरतात. ३४ च्या मापात ते १३ इंच होतात, खांद्याला योग्य. माझ्या मापात तेच १०४ टाके जवळजवळ १५ इंच होतात. छाती चार इंचांनी वाढली म्हणून कोणाचे खांदे दोन इंचांनी रुंदावत नाहीत, आणि ऐंशी पार केलेल्या बाईचे तर नाहीच नाही. साडेतेरा इंच पुरे, म्हणजे ९४ टाके. पत्रकात दोन्ही बाजूंना अठरा-अठरा टाके घटतात, मला तेवीस-तेवीस घटवायचे होते. ते कुठे आणि किती ओळींत घटवायचे, हे पत्रकात नाही. कुठेच नाही.

शिवाय मुंढ्याची घट वेलीतून जाते. जाळीच्या विणीत एक नियम असतो. सुईवर लोकर वेढून एक भोक पाडले की एक टाका वाढतो, म्हणून जवळच कुठेतरी दोन टाके एकत्र करून तो फेडावा लागतो. वेलीचे पान मुंढ्याने मध्येच कापले गेले की कधी भोक राहते आणि त्याचा जोडीदार जातो. मग टाके घटायच्या ऐवजी वाढू लागतात. प्रत्येक ओळीला बघावे लागते की या भोकाचे कर्ज फेडणारा अजून सुईवर आहे का. नसेल तर भोक पाडायचे नाही, साधा सुलट टाका घ्यायचा. मी आलेखाच्या वहीत मुंढ्याचा पूर्ण नकाशा काढला, एक चौकोन म्हणजे एक टाका. चार रविवार गेले, आणि या चार रविवारांत सुईला हातही लागला नव्हता. हे 'बघून विणणे' नव्हे.

बाकीचे बदल भराभर सांगते. लांबी काखेपर्यंत १२ इंच होती ती १५ केली, कारण ते आखूड कार्डिगन उंच कमरेच्या स्कर्टवर घालायचे होते आणि आत्या नऊवारी सोडून पाचवारीवर आली आहे, स्कर्टवर नाही. खालची पट्टी चार इंचांची होती ती अडीच केली. खांद्याच्या चुण्या काढून टाकल्या आणि बाहीचा वरचा गोल नव्याने काढला. दंडावर पत्रकातले ९६ टाके ठेवले. त्याचा ताळा मी एलिझाबेथ झिमरमन यांच्या टक्केवारीने केला. छातीच्या पूर्ण घेराचे टाके शंभर धरले तर दंडाला ३३ ते ३५ लागतात, असे त्या सांगतात. माझा घेर २८० टाक्यांचा, त्याचे ३४ टक्के ९५. जमले. वेल, बारा बटणे आणि गळ्याची अरुंद पट्टी मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण त्या अनाम बाईची (किंवा बुवाची, कोण जाणे) खरी कामगिरी तिथे आहे.

या झिमरमनबाईंबद्दल दोन शब्द. जन्म १९१० चा इंग्लंडमधला, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या, १९९९ मध्ये वारल्या. त्यांना अंगाचा भाग गोल सुईवर शिवणीशिवाय विणायचा असे. एका मासिकाला त्यांनी तसा स्वेटर दिला, तर मासिकाने सूचना बदलून सपाट तुकड्यांच्या करून छापल्या. बाईंनी १९५८ मध्ये स्वतःचे पत्रक काढायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर आपल्या नावाने, आपल्या भाषेत, भरपूर मते देत लिहीत राहिल्या. १९७१ चे त्यांचे 'निटिंग विदाउट टिअर्स' हे पुस्तक अजून वाचले जाते. मला त्यांच्यातले आवडते ते हे, की विणणाऱ्या बाईला त्या हुकूम सोडत नाहीत. तुझे माप तूच घे, तुझा हिशेब तूच मांड, म्हणतात.

आपल्याकडच्या बायका हे न सांगताच करत आल्या आहेत. 'डिझाइन उतरवून घेणे' हा शब्दप्रयोग विणणाऱ्या घरात कोणालाही विचारा. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या बाईच्या पाठीवर नवी वीण दिसली की तिच्यावर नजर रोवायची, टाके मोजायचे, मनात घोकायचे आणि घरी जाऊन सुईवर उतरवायचे. आत्या यात तरबेज होती. हिवाळ्यात हिंदी मासिकांचे विणकाम विशेषांक यायचे, तेही ती घ्यायची, पण त्यातले एकही डिझाइन तिने जसेच्या तसे केलेले मला आठवत नाही. एकाची वेल, दुसऱ्याचा गळा, तिसरे बसमधले. आमच्या धालोच्या गीतांचे असेच आहे. कोणी रचले ते माहीत नाही, प्रत्येक मांडावर काहीतरी बदललेले, आणि अभ्यासक त्याला 'लोकपरंपरा' म्हणून मोकळे होतात. लोकपरंपरा हा शब्द चांगला आहे, पण बाईचे नाव विचारायचे राहून गेले हे झाकायलाही तो फार उपयोगी पडतो.

नावांचा विषय निघाला म्हणून सांगते. 'कार्डिगन' हे नाव एका लष्करी उमरावाचे. कार्डिगनचा सातवा अर्ल जेम्स ब्रुडनेल, क्रिमियाच्या युद्धात २५ ऑक्टोबर १८५४ ला बालाक्लाव्हा येथे रशियन तोफांवर घोडदळ घेऊन धावला तो. स्वारी फसली, माणसे मेली, अर्ल सुखरूप परतला. त्याच युद्धात ब्रिटिश सैन्याचा सरसेनापती लॉर्ड रॅगलन. याचा हात १८१५ मध्ये वॉटर्लूला गेला होता, आणि गळ्यापासून तिरपी उतरणारी जी बाही आपण 'रॅगलन' म्हणतो ती त्याच्या नावाची. कपाटातला एक कपडा आणि एक बाही अशी दोघा सेनापतींच्या नावावर लागली. सुई त्यांनी हातात धरली असेल असे मला वाटत नाही.

आणि जिथे विणणाऱ्यांची आठवण काढली जाते तिथे दंतकथा विकली जाते. आयर्लंडच्या अ‍ॅरन बेटांवरचे पांढरे, वेण्या-वेण्यांचे स्वेटर तुम्ही पाहिले असतील. प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत विणीवरून ओळखत, अशी गोष्ट त्यांच्याबरोबर सांगतात. ही वीण विसाव्या शतकात घडत गेली. घराण्यांच्या विणीला पुरावा नाही. गोष्टीचे मूळ सिंजच्या १९०४ मध्ये रंगमंचावर आलेल्या नाटकात सापडते, आणि तिथे बहीण ओळखते ती भावाच्या पायमोज्यातले सुटलेले टाके. ते मोजे तिनेच विणलेले असतात. म्हणजे ओळख पटते ती एका बाईच्या हाताची. विक्रीसाठी त्याचे घराणे करून टाकले.

आपल्याकडेही फार वेगळे नाही. १९६२ मध्ये चीनने हल्ला केला तेव्हा देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. बेळगाव हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र, तिथे तर घराघरांत विणकाम चालले असे आत्या सांगते. तिने सहा स्वेटर आणि पायमोज्यांचे किती जोड विणले ते तिने मोजलेच नाही. लोकर यायची, गठ्ठा जायचा. गोवा मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते, तिचे आईवडील इकडे, ती तिकडे, आणि हिरव्या लोकरीचे स्वेटर कोणा अनोळखी माणसाच्या अंगावर गेले. किती गठ्ठे गेले याची नोंद कोणीतरी ठेवली असेल. विणणाऱ्यांची यादी कोणी केली असेल असे तिला वाटत नाही. "कशाला करतील?" असेही ती म्हणते, आणि इथेच माझे तिच्याशी जमत नाही.

आत्याचे मत असे की विणकाम मायेने करायचे असते, पैशाच्या गोष्टी त्यात आणू नयेत. मी तिला मान देते. हे कार्डिगन मी तिच्यासाठी केले, त्याचे बिल लावणार नाही. पण माया ही देणाऱ्याने म्हणायची गोष्ट आहे. घेणाऱ्याने ती गृहीत धरली की तिची वेठ होते. कार्यालयातल्या ओळखीच्या बाईने मला विचारले, "माझ्या सुनेसाठी असेच एक करून द्याल? लोकरीचे पैसे देते." लोकरीचे पैसे! या कार्डिगनमध्ये सुमारे ऐंशी हजार टाके आहेत. माझा वेग मिनिटाला पंचवीस टाक्यांचा, म्हणजे नुसते विणायलाच ५३ तास. उसवणे, मोजणे, तुकडे जोडणे, काजे आणि ते चार रविवार धरले तर ८० तासांच्या खाली येत नाही. तासाला पन्नास रुपये, म्हणजे काहीच नाही, तरी चार हजार होतात, लोकर वेगळी. मी आकडा सांगितला तेव्हा बाई हसल्या. त्यांना वाटले मी गंमत करते आहे.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात माझ्या मैत्रिणीने लहान मुलांचे विणलेले संच विकायला ठेवले होते. आयोजकांनी किंमत ठरवण्यासाठी एक फॉर्म दिला. फॉर्म भरणे हे माझे रोजचेच काम, म्हणून तो तिने माझ्याकडे दिला. त्यात कच्च्या मालाचा रकाना होता, वाहतुकीचा होता, पॅकिंगचा होता, स्टॉलच्या भाड्याचाही होता. तासांचा नव्हता. मजुरी कुठे लिहायची असे विचारल्यावर उत्तर आले, "ती तुम्ही घरीच करता ना?" घरी केले म्हणजे वेळ लागत नाही, हे गणित मला सरकारी नोकरीत वीस वर्षे काढूनही समजलेले नाही.

याला दुसरी बाजू आहे हे मला कळते. चार हजारांचा स्वेटर गोव्यात कोण घेणार? यंत्रावरचा पाचशेला मिळतो आणि ऊब तेवढीच देतो. हाताने विणलेले सगळ्यांनीच घ्यावे असे माझे म्हणणे नाही, परवडत नाही त्याने यंत्राचाच घ्यावा. पण ज्याला हातचाच हवा आहे, "व्हिंटेज" हवा आहे, आजीच्या काळातला हवा आहे, त्याने आजीचे तासही मोजावेत. स्वीडनमध्ये एमा याकोब्सन या बाईंनी १९३९ मध्ये 'बोहुस स्टिकनिंग' नावाचा उद्योग काढला, तो बोहुसलेन भागातल्या बेकार पाथरवटांच्या बायकांना कमाई मिळावी म्हणून. डिझाइन करणाऱ्या ठरलेल्या होत्या, त्यांची नावे आज माहीत आहेत. लोकर उत्तम, दाम चढा, आणि विणणाऱ्या घरीच विणत. १९६९ ला तो बंद पडला, कारण बाजार बदलला. तीस वर्षे मात्र चालला. घरी विणलेल्याची मजुरी देता येते, एवढे तरी त्यातून दिसते.

मी माझ्यापुरते दोन नियम केले आहेत. बाहेरच्या कोणाचे विणायचे तर आधी तास सांगायचे, मग लोकर. आणि डिझाइन कोणाला दिले तर कागदाच्या माथ्यावर ते कुठून आले, कोणी बदलले आणि काय बदलले, हे तीन ओळींत लिहायचे. या कार्डिगनचा नकाशा मी स्वच्छ उतरवून काढला आहे. माथ्यावर असे लिहिले आहे: मूळ डिझाइन एका ब्रिटिश पत्रकातले, रचनाकाराचे नाव छापलेले नाही. जपून ठेवले, आत्याने. मुंढा, बाहीचा गोल आणि लांबी, मी. आत्याचे पूर्ण नाव त्या कागदावर आहे, इथे छापायला तिने मनाई केली.

कार्डिगन रविवारी पोचले. सोमवारी तिचा फोन आला. मुंढा छान बसला म्हणाली, वेल मुंढ्याशी कशी मिटवली ते विचारले, मग सगळ्या ओळी फोनवर लिहून घेतल्या. बटणे मात्र तिला आवडली नाहीत. तिच्या डब्यात जुनी शिंपल्याची बटणे आहेत म्हणे, पण अकराच. बारावे शोधायला मी पुढच्या शुक्रवारी म्हापशाला जाणार आहे.